बद्द आवाज

छावणीच्या पलीकडे दगडाची एक फार जुनी खदान आहे, कित्येक वर्षांपासून बंद पडलेली. पाचवीच्या चाळीस मुलांची सहल तिथे न्यायची, हे मी शाळेत जाहीर करून मोकळी झाले होते. आधी जाहीर करायचं, मग जागा बघायची, हा माझा स्वभावच. आदल्या रविवारी सासऱ्यांना सोबत घेऊन गेले, कारण तरुणपणी त्यांनी तिथेच दगड काढला होता.

आमच्या घरात सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही. बारा वर्षांत मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला जे काही सांगितलं ते नातवामार्फत, नाहीतर भिंतीकडे बघून. मला त्याचं हसू यायचं आणि खरं सांगायचं तर रागही.

खदानीत ऊन मी म्हणत होतं. एका कड्याखाली मात्र दाट सावली होती, वरचा दगड छपरासारखा पुढे आलेला. मुलं डबे इथेच खातील असं ठरवून मी आत शिरले आणि पावलांनी जागा मोजू लागले.

मामा घरून आणलेल्या पहारीने कडा ठोकत येत होते. आवाज खणखणीत होता. माझ्याजवळ आल्यावर तो बदलला. बद्द. त्यांनी पुन्हा ठोकलं, पुन्हा बद्द.

"इथं कुणी बसू नये," ते समोरच्या बाभळीला म्हणाले.

नेहमीची कुरकुर समजून मी मोजत राहिले. ते खाकरले. मला चीड आली. सांगायचं तर सरळ सांगा ना! मी मुद्दाम आणखी आत सरकले. खांद्यावर चिमूटभर माती पडली, तीही झटकली.

दुसऱ्याच क्षणी त्यांनी माझा दंड धरून मला उन्हात ओढलं. मी गुडघ्यांवर आपटले. मागे काहीच पडलं नव्हतं. मी भडकून विचारलं, असं काय झालं?

"दगड सुटलाय," ते थेट माझ्याकडे बघून म्हणाले. "आज पडंल, नायतर धा वर्सानं."

त्यांचे थोरले भाऊ खदानीत दगावले, एवढंच घरात माहीत होतं. कसे, ते मामांनी आता सांगितलं. भाऊ मुकादम होते, असल्याच दगडाखाली भाकरी खात बसले होते. मामांनी ठोकून बघितलं, आवाज बद्द आला.

"पर थोरल्याला ऊठ कसं म्हणावं? मी नुसता खाकरलो."

मी तिथूनच मुख्याध्यापकांना फोन लावला, सहल रद्द करा म्हटलं. ते म्हणाले, गाडी ठरलीय, पालकांना कळवलंय, आता माघार नाही. साहेबांपुढे माझी जीभ नेहमीच अडखळते. मी "हो सर, पण सर" करत राहिले.

मामांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि कधी न पाहिलेल्या त्या साहेबांवर घसा फाटेस्तोवर ओरडले, "एक बी लेकरू इथं आणायचं नाय!"