टोंकोचे गोल फोटो

आमच्या टोंकोचे फोटो गोल असतात. मधे पक्षी, भोवती काळी कड. किल्लीच्या भोकातून चोरून पाहिल्यासारखे. गावात सगळे त्यावरून त्याची टर उडवायचे, आणि सगळ्यांत जास्त उडवायचा त्याचा जिवलग मित्र वुब्बो.

"हा पक्षी आहे की काचेवर बसलेली माशी?"

"माशी असती तर तुझ्या डोक्यावर बसली असती," टोंको म्हणायचा. मग दोघेही हसायचे.

टोंको जन्मभर कालव्यावरचा उचलता पूल चालवत होता. बोट आली की पूल वर, गेली की खाली. वाट पाहण्याचाच पगार मिळायचा म्हणा ना. पुलावर बसून त्याला पक्ष्यांचं वेड लागलं. निवृत्त झाल्यावर त्याने तिपाईवरची दुर्बीण घेतली आणि खिशात मावणारा छोटा कॅमेरा तिच्या डोळ्याला लावायला लागला. मधे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं कापलेलं झाकण, ते त्याचं त्यानेच बसवलेलं. बोटाच्या धक्क्याने फोटो हलतो, म्हणून थोड्या वेळाने फोटो आपोआप निघेल असा कॅमेरा लावायचा आणि श्वास रोखून बाजूला उभा राहायचा. कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला शेतात चालवत नाही. तो समुद्राच्या बांधावर बसतो आणि तिथूनच सगळं पाहतो. जवळ जायचं नाही, हा त्याचा नेम आधीपासूनचाच होता. कंबरेने तो पक्का केला इतकंच.

शनिवारी दोघे बांधावर असायचे. काही दिसलं की टोंको दुर्बिणीपासून मागे सरायचा आणि म्हणायचा, "बघ. आधी तू." एवढ्या वर्षांत त्याने स्वतः आधी पाहिलंय असं मी तरी कधी बघितलं नाही. त्याची बायको हिल्का असतानाही हेच. वुब्बोचा निळा कोट काटेरी तारेत पाठीवर फाटला, तेव्हा हिल्काने स्वतःचा पिवळा रेनकोट कापून त्याला भलंमोठं ठिगळ लावलं होतं. "आता तू कुठेही हरवलास तरी सापडशील," म्हणाली होती. ती जाऊन बरीच वर्षं झाली. ठिगळ होतं तसंच होतं.

यंदा माझ्या लसूणघासाच्या शेतात भोवत्याने घरटं केलं. शेतावरून खाली खाली गिरक्या घालणारा हा शिकारी पक्षी घरटं जमिनीवरच करतो, आणि आमचं कापणीचं यंत्र काही बघून चालत नाही. टोंकोने बांधावरून घरटं हेरलं आणि थेट माझ्या दारात आला.

"आफ्के, तेवढा चौकोन कापू नकोस."

मला पक्ष्यांचं फारसं कौतुक नाही. पण त्या माणसाने आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. मी चौकोन सोडला, कोल्हा येऊ नये म्हणून भोवती करंटची तार ओढली. पिल्लं उडेपर्यंत जागा कोणाला सांगायची नाही, ही इकडची रीतच आहे. मला ठाऊक, टोंकोला ठाऊक, आणि अर्थात वुब्बोला. वुब्बोपासून टोंकोने काय लपवावं?

वुब्बोने यंदा तोफेएवढी लेन्स घेतली होती. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मी शहरात मुलीकडे गेले होते, तेव्हा संध्याकाळी टोंकोचा फोन आला. कुंपणात कोणीतरी शिरलंय. "तू काळजी करू नकोस," तोच पुढे म्हणाला, "वुब्बोला सांगितलंय. तो जाऊन तार बघतो म्हणाला." आवाज विचित्र होता. मला वाटलं, बांधावर वारा असेल.

सकाळी परतले तर तारेचे दोन खुंटे उपटून बाजूला टाकलेले, घरट्यासमोरचं गवत तुडवून साफ केलेलं आणि घरट्यात नुसती लव. कोल्ह्याने एकही पिल्लू ठेवलं नव्हतं. वर मादी पंजात उंदीर धरून घिरट्या घालत होती. खरं सांगते, मला रडू आलं.

टोंको माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. कॉफीला हात लावेना. तेवढ्यात वुब्बो आला, कोट खुंटीवर टांगला आणि सुरूच झाला.

"कोण नालायक असेल रे? मी रात्री जाऊन आलो. कोणी नव्हतं. तार जागच्या जागी होती."

"हो का?" टोंको म्हणाला.

"शपथेवर सांगतो. बरं, तू फोटो घेतलास का त्याचा?"

"घेतला. पण लांबून. तुला माहितीये माझे फोटो."

वुब्बोने खुर्ची ओढली, डब्यातलं बिस्किट घेतलं आणि माझ्याकडे वळला. "आफ्के, राग मानू नकोस. पण तू बेकरीत कुठे बोलली असशील. बायकांच्या पोटात राहतं थोडंच!"

मी उठलेच होते. डबा त्याच्या डोक्यात घातला असता. पण टोंकोने हात आडवा केला, खिशातून कॅमेरा काढला आणि टेबलावरून हळूच वुब्बोकडे सरकवला.

"बघ. आधी तू."

वुब्बोच्या खांद्यावरून मीही पाहिलं. काळ्या कडेत गोल हिरवं शेत. मधोमध एक माणूस, पाठमोरा. पाठीवर पिवळं ठिगळ. आणि कानाला फोन.

"घरी बटाटे सोलतोय म्हणालास मला," टोंको म्हणाला. "मी तुझ्याशी बोलत होतो आणि तुलाच बघत होतो."

वुब्बोचं बिस्किट हातातच राहिलं. "तारेची रेघ येत होती रे फोटोत. परत लावणारच होतो. तुझा फोन आला, घाबरलो, पळालो."

"कोणाला घाबरलास? मला?"

वुब्बोने बिस्किट परत डब्यात ठेवलं.

"खोटं बोललास, तेही गिळलं असतं," टोंको म्हणाला. "म्हणून तर आफ्केला नाव सांगितलं नाही. वाटलं, लाजेखातर तरी परत येशील आणि तार लावशील. अंधार पडेपर्यंत बांधावर बसून होतो मी."

वुब्बो उठला आणि तसाच बाहेर पडला. कोट खुंटीवरच राहिला, ठिगळ आमच्याकडे करून.

टोंकोने माझ्याकडे कात्री मागितली. मला वाटलं कोट फाडतो की काय. पण त्याने कोट मांडीवर पसरला, चष्मा लावला आणि हिल्काचा एकेक टाका जपून उसवला. कापडाला धक्का लागू दिला नाही. ठिगळ निघालं तसं त्याने ते घडी घालून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवलं आणि पाठीला भोक पडलेला कोट माझ्या हातात दिला.

"हा त्याचा," म्हणाला. "नेऊन दे."