सात नंबरची स्प्रिंग

चुका सगळेच करतात. कोणी घरात करतो, कोणी कचेरीत करतो, फार तर चार माणसांसमोर करतो. मी माझी चूक सोमवारी सकाळी, हैदराबादच्या कोठी भागातल्या ऐन गर्दीत, बायकोला मागे बसवून केली. आणि एकदा करून भागलं नाही म्हणून तीन फेऱ्यांत केली. चहा ओतून घ्या, सांगतो.

आधी बायकोबद्दल सांगायला हवं. आमची सुनंदा जामबागेतल्या एका शाळेत मराठी शिकवायची. एकतीस वर्षं शिकवलं. हैदराबादेत मराठी शिकवणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पोरी घरात मराठी बोलतात, गल्लीत हिंदी, शेजारी तेलुगू, आणि पुस्तकातला जोडाक्षरांचा धडा आला की दर ओळीला तीनदा अडखळतात. सुनंदा त्याला कधी कंटाळली नाही.

पण तिचा खरा अभिमान वेगळाच होता. तिच्या शाळेत नऊचा ठोका पडला की मुख्याध्यापिका शिक्षकांच्या मस्टरवर लाल रेघ ओढतात. वेळेवर आलेल्यांच्या सह्या रेघेच्या वर. उशिरा येणाऱ्याने रेघेखाली सही करायची आणि पुढच्या रकान्यात कारण लिहायचं. एकतीस वर्षांत सुनंदाची सही एकदाही रेघेखाली गेली नव्हती. बसचा संप झाला, ती चालत गेली. रस्त्यात गुडघाभर पाणी साचलं, ती चपला हातात घेऊन गेली. आमच्या लेकीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा रेघेच्या वर सही होती, हातावरची मेंदीही वाळली नव्हती.

सोमवार हा तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी निरोप समारंभ आणि त्यात तिचं हे मस्टर सगळ्या शाळेपुढे दाखवायचं ठरलेलं. तेव्हा सोमवारी तिला नऊच्या आत पोचवणं, एवढंच काम होतं. एवढंच.

आता माझ्याबद्दल. मी इरिगेशन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. तेहतीस वर्षं पंपांच्या फाइली माझ्या टेबलावरून गेल्या. पाच हॉर्सपॉवरचे पंप, दहाचे पंप, पेट्रोलचे, डिझेलचे. माझ्या सहीशिवाय आमच्या विभागात एक इंजिन आलं नाही. त्यातलं एकही इंजिन मी उघडून पाहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. कागदावर मी त्यांना आतून बाहेरून ओळखत होतो.

आणि आमची स्कूटर. निळी, जुनी, किक मारून चालू होणारी. सुनंदा पहिल्या दिवशी शाळेत रुजू झाली तेव्हा मी तिला याच स्कूटरवरून सोडलं होतं. ती मागे बसून सारखी "सहावी ब, सहावी ब" असं पुटपुटत होती, वर्ग चुकू नये म्हणून. शेवटच्या दिवशीही तिला याच स्कूटरवरून शाळेच्या दारात उतरवायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. का, ते तिला सांगितलं नाही. असलं काही बोलायची आम्हाला सवय नाही.

पण स्कूटर बिघडली होती. चालू होईना, झाली तर चौकात बंद पडे. सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत मौलाभाईंचं गॅरेज आहे. वीस वर्षं तेच तिला बघतात. शनिवारी मी ढकलत तिकडे नेली. मौलाभाईंनी एक किक मारली, कान लावला आणि म्हणाले, "कार्बोरेटर में कचरा है साब. छोड के जाओ, सोमवार शाम कू ले जाओ."

"शाम को नक्को. मेरेकू सोमवार सुबह होना."

"इतवार कू दुकान बंद रहता साब."

"मग मैंइच साफ कर लेता."

मौलाभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. "साब, आप सब करो. फाइल लिखो, पेपर पढो. इसकू हात नक्को लगाओ."

आता मला सांगा, तेहतीस वर्षं इंजिनं पास करणाऱ्या माणसाला कोणी असं म्हणावं का? मी स्कूटर ढकलत काचीगुड्याला घरी आणली. रस्ता सगळा उताराचा नाही, हेही मला त्याच दिवशी कळलं.

रविवारी जेवण झाल्यावर व्हरांड्यात वर्तमानपत्रं अंथरली आणि कामाला लागलो. सुनंदा दारात येऊन उभी राहिली.

"अहो, मी ऑटोने जाईन. कशाला तो उपद्व्याप?"

"शेवटच्या दिवशी ऑटोने? मी जिवंत असताना?"

"यात जगण्यामरण्याचं काय आलं? नऊच्या आत पोचल्याशी कारण."

"साडेआठला दारात गाडी उभी असेल," मी म्हणालो.

माझी पद्धत मात्र शास्त्रशुद्ध होती बरं का. मेकॅनिक लोक भाग काढतात आणि भुईवर टाकतात. मी प्रत्येक भाग काढला की त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधायचो, चिठ्ठीवर नंबर टाकायचो आणि वहीत नोंद करायचो. एक नंबर, झाकणाचा स्क्रू. दोन नंबर, झाकण. अशी सोळा भागांची यादी झाली. सगळे भाग पेट्रोलने धुतले, पुसले आणि यादी उलटी वाचत एकेक परत बसवला. प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली. शेवटी खाली सही आणि तारीख.

वर्तमानपत्रावर एक स्प्रिंग उरली होती.

चांगली बोटभर लांब. तिला चिठ्ठी होती, चिठ्ठीवर सात नंबर होता. मी वही उघडली. यादीत सहा होता, आठ होता, सात नव्हता. बहुतेक सातव्या भागाच्या वेळी सुनंदाने चहाला हाक मारली असावी आणि नोंद राहून गेली असावी. हे मला आज कळतं. त्या वेळी माझ्यातला सरकारी माणूस जागा झाला. ज्या वस्तूची नोंद नाही ती वस्तू खात्याची नाही. यादी पूर्ण, खुणा पूर्ण, सही झालेली. मग स्प्रिंगसाठी यादी बदलायची की यादीसाठी स्प्रिंग? मी तिला एका पाकिटात घातलं, पाकिटावर "विचाराधीन" लिहिलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

पस्तीस किका मारल्यावर स्कूटर चालू झाली. आणि काय आवाज! मूठ जराशी पिळली तर अशी गर्जली की समोरच्या गच्चीवरच्या बाई वाळत घातलेले पापड टाकून आत पळाल्या. मूठ सोडली तरी आवाज खाली येईना. मला वाटलं, कचरा निघाला, ताकद वाढली. किल्ली फिरवून बंद केली आणि पुन्हा चालू करायला गेलो तर पुन्हा पस्तीस किका. तेव्हा मी एक निर्णय घेतला. सकाळी एकदा चालू करायची आणि काहीही झालं तरी बंद करायची नाही.

इथेच सगळा घात झाला, मंडळी.

सोमवारी पावणेनऊला थोडी मिनिटं कमी असताना आम्ही निघालो. सुनंदाने मोरपंखी पैठणी नेसली होती, हातात पर्स आणि पेढ्यांचा डबा. पहिला चौक आला, वेग वाढवायला मूठ पिळली, आणि मग लक्षात आलं की हा वेग फक्त वाढतो. कमी होत नाही. मूठ मागे आणा, पुढे न्या, ती नुसती फिरते. आमच्या खात्यातल्या फाइलींचं बरोबर उलटं.

कोठीला सिग्नल लाल होता. मी क्लच दाबून ब्रेक लावला. गाडी थांबली, पण इंजिनाने असा हंबरडा फोडला की फुटपाथवरचा पुस्तकवाला उठून उभा राहिला. आजूबाजूच्या गाड्यांवरची माणसं कानात बोटं घालू लागली. ट्रॅफिक पोलिसाने पाच सेकंद कसंबसं सोसलं आणि लाल सिग्नल असतानाच मला हात केला, "जाओ बाबा, तुम जाओ."

"अहो, हे काय चाललंय?" सुनंदा कानाशी ओरडली.

"ताकद वाढलीये."

शाळेचं फाटक दिसलं. आठ वाजून बावन्न मिनिटं. माझा जीव भांड्यात पडला. फाटकाबाहेर गणवेशातल्या ऐंशी एक मुली दोन रांगांत उभ्या, हातात झेंडूच्या पाकळ्यांची तबकं. मध्ये मुख्याध्यापिका हार घेऊन. त्या दोन रांगांच्या मधून ही भुताटकी नेऊन उभी करायची? ब्रेक निसटला तर? मी थांबलो नाही. मुलींना वाटलं बाई आल्या, त्यांनी पाकळ्या उधळल्या, शाळेचा बँड वाजला आणि आम्ही पुढे निघून गेलो.

"शाळा गेली!" सुनंदा म्हणाली.

"कळलंय. एक चक्कर मारून येतो."

कोठी, सुलतान बाजार, परत जामबाग. या वेळी जरा हळू आणीन, असा माझा निर्धार. पण हळू आणायचं कशाने? आठ छप्पन्नला पुन्हा फाटक, पुन्हा पाकळ्या, पुन्हा बँड. मुलींना आता मजा यायला लागली होती. त्यांना वाटलं बाईंची मिरवणूक आहे, कार्यक्रमातच ठरलेली. मुख्याध्यापिकांना मात्र घड्याळ दिसत होतं. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि आम्ही जाता जाता त्यांनी हार सुनंदाच्या गळ्यात टाकला. तो पडला माझ्या.

"बंद करा ती," सुनंदा म्हणाली.

"बंद केली तर परत चालू होणार नाही."

"परत चालू करायचीच कशाला? मला इथेच तर यायचं होतं."

तुम्ही हसताय. पण खरं सांगतो, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. आणि सुचल्यावरही पटेना. "संध्याकाळी घरी न्यायचंय ना तुला याच्यावरून," मी ओरडलो. गळ्यातला हार वाऱ्याने तोंडावर येत होता. "पहिल्या दिवशी आणलं होतं तसं."

तिसरी फेरी सुरू झाली. सुलतान बाजारात साडीवाले दुकानाच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहिले होते. एकाने हात हलवला. मौलाभाईंची गल्ली आली तशी माझ्या काखेखालून एक हात पुढे आला, बांगड्या वाजल्या, आणि सुनंदाने किल्ली फिरवली.

एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. गाडी आपोआप घरंगळत गॅरेजच्या तोंडाशी थांबली. मौलाभाई शटर वर करत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं.

"मुबारक हो साब. आप खोले?"

"हौ."

"स्प्रिंग किधर है?"

मी मुकाट्याने खिशातून पाकीट काढून दिलं. त्यांनी वरचं अक्षर न् अक्षर वाचायचा प्रयत्न केला, मग आतली स्प्रिंग चिठ्ठीसकट डोळ्यांपुढे धरली. "नंबर बी डाले," ते म्हणाले. मूठ सोडली की वेग खाली आणणारी ती स्प्रिंग त्यांनी पाच मिनिटांत जागेवर बसवली, एका किकेत स्कूटर चालू केली आणि ती मांजरासारखी गुरगुरायला लागली, हे मला नंतर कळलं.

पण ती पाच मिनिटं थांबायला सुनंदा तिथे होतीच कुठे? ती खाली उतरली तेव्हा नऊला एक मिनिट कमी होतं. पैठणीचा काठ एका हातात, पेढ्यांचा डबा दुसऱ्या हातात, ती गर्दीतून तरातरा चालत निघाली होती. मी गळ्यातला हार सांभाळत मागे धावलो. शाळेच्या पायरीवर पोचलो तेव्हा नऊ वाजून सात मिनिटं झाली होती.

मुख्याध्यापिका भल्या बाई. लाल रेघेचं पेन हातात घेऊन बसल्या होत्या, पण रेघ ओढली नव्हती. "सुनंदाताई, तुम्ही नऊच्या आत दोनदा फाटकावरून गेलात. सगळ्या शाळेने पाहिलंय. वर सही करा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, सुटलो. पण सुनंदाला तुम्ही ओळखत नाही. तिने त्यांच्या हातातून लाल पेन घेतलं, पट्टी लावून स्वतः सरळ रेघ ओढली आणि रेघेच्या खाली सही केली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मग कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं. मी डोकावलो तर तिने हात आडवा धरला. माझ्यामुळे तिचं मस्टर डागाळलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी समारंभ झाला. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. मुख्याध्यापिकांनी नववीतल्या एका मुलीला स्टेजवर बोलावून मस्टरचं शेवटचं पान वाचायला सांगितलं. ही पोर धडा वाचताना हमखास अडखळते, असं सुनंदानेच मला कितीदा सांगितलं होतं. तिने माईक धरला, पान उघडलं आणि कुठेही न अडखळता, खणखणीत आवाजात, एका दमात वाचलं: "उशिराचं कारण: पतीने स्कूटर दुरुस्त केली."