सशाच्या वर्षाची मुलगी

मुलीचा पहिला तसला मेसेज आला तेव्हा माझे यजमान मोहोपाड्याच्या कारखान्यात ड्युटीवर होते. 'बाबा, जेवलात का? दमू नका. खूप खूप प्रेम.' आणि पुढे लाल बदामांची रांग. त्यांनी घाबरून मला फोन केला. म्हणाले, पोरीचा मोबाइल कुणाच्या हाती लागलाय बघ, आता पैसे मागणार. मीही हबकले. लग्नापासून आजवर आमच्या घरात कुणी कुणाला प्रेम आहे असं सांगितलं नव्हतं. ते सांगायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी उलगडा झाला. मुलगी खालापूरच्या एका कंपनीत स्टोअरचं काम बघते. कर्जतहून कंपनीच्या बसने जाता-येता ती मोबाइलवर कोरियन भाषा शिकायला लागली होती. तिकडे म्हणे आपल्या माणसाला जेवलास का, पोचलास का, असं दिवसातून दहादा विचारतात, आणि काम संपवून निघालेल्याला तुम्ही फार कष्ट घेतलेत असं म्हणतात. मी म्हटलं, बाई गं, आपण कर्जतला राहतो. तिच्यावर काही परिणाम झाला नाही. मी स्वयंपाकघरात असले की पलीकडच्या खोलीतून मेसेज यायचा, 'आई, जेवलीस का?' मी ओट्यापाशी उभी राहून ओरडायचे, तूच वाढायला ये म्हणजे जेवते.

मेसेजच्या शेवटी ती त्यांच्या लिपीतल्या कसल्या कसल्या खुणा टाकायची. एक हसण्याची. दुसरी म्हणजे दोन आडव्या रेघा आणि त्यांतून खाली ओघळणाऱ्या धारा. ते रडणारे डोळे. बस चुकली की रडणारे डोळे, आमटी खारट झाली की रडणारे डोळे. मला भारी राग यायचा. रडण्याची एवढी उधळपट्टी बरी नव्हे.

मेसेजचं एक वेळ ठीक, पण पुढे ते अंगात भिनलं. पाणी देताना दोन्ही हातांनी द्यायचं, वडीलधाऱ्यांसमोर पाणी पिताना तोंड बाजूला वळवायचं, मोठ्यांनी घास घेतल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. आणि कमरेतून वाकायचं. शिळफाट्याला भाजीवाल्यापुढे वाकली तेव्हा मला वाटलं हिचं काहीतरी पडलं. मग शेजारी नवीन बाई राहायला आल्या, त्यांना हिने पहिल्याच भेटीत वय विचारलं. त्या आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. मी झापलं तर म्हणाली, आई, तिकडे वय कळल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही, कोण मोठं कोण धाकटं त्यावर हाक ठरते. आणि थेट विचारायला अवघड वाटलं तर प्राणी विचारतात. त्यांच्यात प्रत्येक वर्षाला एक प्राणी असतो, बारा प्राणी संपले की पुन्हा पहिल्यापासून. ती सशाच्या वर्षाची. मी वाघाच्या वर्षाची निघाले. घरात कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही.

तिला सव्विसावं लागलं होतं. दोन स्थळं जुळता जुळता राहिली होती. तशात नेरळचं स्थळ आलं. पूर्वीचे भातशेतीवाले, जमीन बिल्डरला देऊन आता दोन फ्लॅट. मुलगा मुंबईला चांगल्या नोकरीत, वय तीस, एक बहीण. मुलगा आणि मुलगी फोनवर दोन-तीनदा बोललेही होते. आमची पोर त्यानंतर जरा जास्तच आरशात बघायला लागली होती. मी देवाला हात जोडले आणि तिला बजावलं, त्या दिवशी घरात कोरिया दिसला तर याद राख.

पाहुणे आले आणि ही नेमकी कमरेतून वाकली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती मुलाच्या आईला दोन्ही हातांनी पाण्याचा पेला देत होती. पोहे आले, तरी त्या बाईंनी पहिला घास घेईपर्यंत ही बशीला शिवली नाही. पाणी प्यायली तेही तोंड वळवून. बाई माझ्याकडे वळल्या. "काय वळण लावलंय गं पोरीला. हल्ली नाय बघायला मिळत." मी थक्क झाले. पंचवीस वर्षं मी घसा फोडून जे शिकवू शकले नाही ते मोबाइलने शिकवलं, आणि श्रेय माझ्या पदरात पडलं. मी ते घेतलंही.

मुलाच्या बहिणीने मात्र ते वाकणं बरोबर ओळखलं. तीही त्याच वेडातली निघाली. दोघी खिडकीपाशी सरकल्या आणि कुजबुजत हसायला लागल्या. इकडे मोठी माणसं हॉल कुठला, जेवणावळ किती, इथवर पोचली होती. माझे यजमान तर पंचांग मागत होते. तेवढ्यात ती बहीण आनंदाने टाळी वाजवून म्हणाली, "म्हणजे तुम्ही ससा, मोठ्या. मी साप. दादापण साप."

सगळे हसले. बहीण भावाला साप म्हणते म्हटल्यावर हसणारच. आमची पोर हसली नाही. रिकाम्या बशा उचलून ती आत गेली आणि मला हाक मारली. मला वाटलं लाडू संपले.

ती ओट्याला टेकून उभी होती. हळू आवाजात म्हणाली, आई, त्याची बहीण चोवीस वर्षांची आहे. दोघं एकाच प्राण्याचे म्हणजे बारा वर्षांचं अंतर. मला आधी समजेचना. म्हटलं, कसले प्राणी आणि कसलं काय, बाहेर पंचांग उघडलंय. ती म्हणाली, तो मोठा ना, मग मिळव बारा. मग माझं मीच मनात चोविसात बारा मिळवले. छत्तीस. वय तीस लिहिलेला, पत्रिकेसोबत आलेला माहितीचा कागद आमच्या देवघरात गणपतीपुढे ठेवलेला होता.

मी बाहेर आले. शेजारणीला वय विचारलं म्हणून जिला झापलं होतं, तिच्याच आईने, म्हणजे मी, भर बैठकीत पाहुण्या मुलाला विचारलं, तुमचं जन्मवर्ष कोणतं हो? मुलाने मान खाली घातली. बहिणीचा चेहरा पांढरा पडला, आपण काय बोलून गेलो ते तिला तेव्हा उमगलं. यजमान माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच काही गुन्हा केलाय. मुलाची आई मात्र शांत होती.

"पुरुषाचं वय कोण बघतं, गं?" ती म्हणाली. "तीसच्या वर लिवलं का स्थळं येतच नाय. पाच-सा वर्षांनी काय हुतंय?"

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं की खरंच काय होतंय. मुलगा दिसायला बरा होता, घर बरं होतं, आणि मी दमले होते. काहीतरी गोडगोड बोलून प्रसंग निभावून न्यावा म्हणून मी तोंड उघडलंही. पण आमची पोर दारात येऊन उभी राहिली होती. ती वाकली नाही. त्या मुलाकडे सरळ बघून म्हणाली,

"छत्तीस चाललं असतं मला. तुमी फोनवर पण तीसच सांगितलंत."

ती एवढंच बोलून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मला धक्का बसला तो तेव्हा. वयाचा नाही. छत्तीस चाललं असतं, म्हणजे तिने मनातून हो म्हटलं होतं. त्याच्याशी दोन-तीनदा नाही, रोज बोलणं होत असणार. देणं-घेणं किती, हॉल कुठला, यातच मी गुंतलेली, आणि माझी मुलगी कधी कुणात गुंतली ते मला कळलंच नव्हतं.

पाहुणे उठले. मुलगा चपला घालून खाली गेला, त्याची आई पुटपुटत त्याच्या मागून. बहीण मागे राहिली. उंबऱ्यापाशी ती माझ्यासमोर कमरेतून वाकली, खूप खोल, आणि बराच वेळ वर आलीच नाही. त्या घरातून क्षमा मागितली ती तिने एकटीने. तिच्यासाठी बांधून ठेवलेला लाडवांचा डबा ओट्यावर होता. मी तो आणला आणि तिला दिला. दिल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तो दोन्ही हातांनी दिला होता.

यजमान पंचांग मांडीवर घेऊन तसेच बसून होते. मी आतल्या खोलीच्या दाराशी गेले. एरवी मी दार ठोठावलं असतं, ओरडले असते, रडतेस कशाला म्हणून वर दरडावलंही असतं. हात दारावर गेला आणि थांबला. मी स्वयंपाकघरात परत आले, मोबाइल घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा घरातल्या घरात मेसेज लिहिला. 'जेवलीस का?'

मग त्या दोन आडव्या रेघा आल्या, खाली ओघळणाऱ्या धारांसकट. पुढे अक्षर नव्हतं.

मी ताट वाढलं आणि दारापाशी जाऊन उभी राहिले. आतून कडी निघाली.