रायपूर मानवलं नाही, असं सगळे म्हणाले

आर्वीच्या बसस्टँडवर वर्ध्याची गाडी लागली तेव्हा माय माझ्याशी नाही, विलासशी बोलत होती. "जावईबापू, हे पोट्टी लय घाईची आहे. हिच्या मागं धावू नका, तुम्हीच थकून जाल." विलास हसला. मी खिडकीतून रायपूरला न्यायचं सामान मोजत होते. दोन ट्रंका, गादीची वळकटी, भांड्यांचं पोतं. बस हलली तशी माय चार पावलं सोबत चालली आणि म्हणाली, "पोचल्यावर फोन कर. नाही केला तर मी समजीन तू कामात आहे."

ताई, तुला हे लिहायला बसले आहे ते तुझ्या पिंकीमुळे. परवा फोनवर तू म्हणालीस, पुण्याला गेल्यापासून पोट्टी नुसती झोपून राहते, ऑफिसात चुका करते, पुणं काही तिला मानवलं नाही. ते शब्द ऐकले आणि माझ्या हातातला फोन जड झाला. हेच माझ्याबद्दल सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते.

छत्तीसगड नुकतंच वेगळं राज्य झालं होतं आणि रायपूरला राजधानी झाल्याची नवी ऐट होती. विलासला उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्ट सुपरवायझरची नोकरी लागली. आम्ही बिरगावकडे दोन खोल्या घेतल्या. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढायला जावं तर त्यांच्यावर कारखान्यांची काळी भुकटी बसलेली असायची. झटकायचे आणि घडी घालायचे. शेजारी केवरा दीदी राहायची, धमतरीकडची. तिच्याकडून मी 'हो'ला 'हव' म्हणायला शिकले आणि तिने माझ्याकडून गोळाभात शिकून घेतला. पहिली तीन वर्षं मला रायपूरने काही त्रास दिला नाही, हे मुद्दाम लिहिते आहे. एका लहानशा शाळेत मी दुसरीला शिकवायला लागले. लग्नाआधी शिकवायचे त्या आर्वीच्या शाळेत जशी दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांची नावं पाठ व्हायची, तशी इथेही झाली. हिंदीत चुका व्हायच्या, मुलं हसायची, मीही हसायची.

मग तन्वी झाली. तिला वर्ष होऊन गेलं असेल, तेव्हापासून काहीतरी उतरत गेलं. नेमकं कधी ते सांगता येत नाही, कारण मला ते कळलंच नाही. सकाळी उठायचं तर आधी उठण्याचा विचार करावा लागे. कणीक मळताना मधेच हात थांबत. केस कंगव्यात गोळा होऊन येत. आवाज घोगरा झाला, अंगावर सूज आल्यासारखी चरबी चढली, पाळी आली की दहा-दहा दिवस थांबत नसे. शब्द आठवत नसत. 'परात' हा शब्द मी एकदा अर्धा तास शोधला. सगळ्यात वाईट म्हणजे कशाचं काही वाटेनासं झालं. तन्वी पहिल्यांदा "मम्मी" म्हणाली तेव्हा विलास नाचला, आणि मी पाहत राहिले.

लोक म्हणाले, माहेरची आठवण येते. मलाही ते पटलं. दुःखाला काहीतरी कारण लागतं, आणि घर सोडून आलेल्या बाईजवळ ते तयारच असतं. मी आर्वीची आठवण काढत बसू लागले, कारण मग निदान मी का बसले आहे हे तरी सांगता यायचं. सुट्टीत आर्वीला आले तरी तसंच वाटायचं, तेव्हा वाटलं की आता आर्वीही परकी झाली.

विलास आधी प्रेमाने विचारायचा, "काहून अशी बसून राहिली?" पुढेपुढे डबल शिफ्ट करून यायचा, ओट्यावर सकाळची भांडी तशीच दिसायची, तेव्हा तेच शब्द वेगळ्या आवाजात यायचे. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही वैतागले असते. मी स्वतःवर वैतागलेच होते.

मग ती सहल झाली. शाळेने मुलांना नवी राजधानी दाखवायला नेलं. नवं रायपूर तेव्हा बांधून होत होतं. एवढे रुंद रस्ते मी कधी पाहिले नव्हते, आणि त्यांवर माणूस नाही. दुपारी परत निघताना बसमध्ये डोकी मोजायचं काम माझं होतं. मोजताना मधेच आकडा सुटला. पुन्हा सुरुवात करायला हवी होती. पण पुन्हा सुरुवात करणं मला एवढं जड वाटलं, की मी ड्रायव्हरला म्हणाले, "हो गया भैया, चलो."

लोकेश्वरी नावाची मुलगी मागे राहिली होती. सात वर्षांची. लघवीला म्हणून एका अर्धवट इमारतीमागे गेली होती. शाळेत पोचल्यावर तिचे वडील घ्यायला आले तेव्हा कळलं. बस उलटी फिरली. त्या रस्त्यांवर विचारायलाही कोणी नव्हतं. दोन तासांनी ती बांधकामावरच्या मजूर बायांजवळ सापडली. त्यांनी तिला पाणी पाजलं होतं, पदर ओला करून डोक्यावर ठेवला होता. पोरगी रडत नव्हती. मला पाहून ती त्या बाईच्या मागे सरकली.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. मला वाटलं मारेल. ती एवढंच म्हणाली, "तोर घर घलो तो नोनी हे न, मैडम?" तुझ्या घरीही मुलगी आहेच ना. मुख्याध्यापिका नंतर म्हणाल्या, "आप कुछ दिन घर पर आराम कीजिए." मी घरी आले आणि मग शाळेत कधीच गेले नाही.

त्या दिवसांत मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल, असा विचार यायचा. तो विचारसुद्धा संथ होता. घरच्या जुन्या पंख्यासारखा फिरत राहायचा. कोणाजवळ बोलले नाही. आज कोणाच्या मनात तो येत असेल तर त्याने त्याच दिवशी कोणाला तरी सांगावं, इतकंच म्हणते.

मे महिन्यात विलासने मायला बोलावून घेतलं. रायपूरचा मे तुला माहीत आहे, कूलरसमोरून कोणी उठत नाही. माय दारात आली तर मी शाल घेऊन बसलेली. तिने शाल ओढून काढली. "हे काय सोंग आहे?" पंधरा दिवस राहिली. गुडघे धरून स्वयंपाक केला, तन्वीला न्हाऊ घातलं. मी बसून पाहत होते. उठायचं होतं ताई, तुला शपथेवर सांगते. जायच्या सकाळी ती भांडी विसळताना म्हणाली, "सत्तरीची माय भांडे घासून राहिली अन् तू पाहून राहिली. असं नव्हतं शिकवलं म्या तुले."  रिक्षा आली, ती गेली. स्टेशनवर सोडायलाही मी गेले नाही.

पोचल्यावर तिने फोन केला नाही. मीही केला नाही. उद्या करू, उद्या करू म्हणत महिने गेले. दिवाळीच्या आधी एका सकाळी दादाचा फोन आला की माय गेली. झोपेतच.

तू त्या दिवशी मला पाहिलंस. सगळ्या बाया रडत होत्या आणि मी भिंतीला टेकून कोरडी. कोणीतरी म्हणालं, "पोट्टी राजधानीत जाऊन दगड झाली." तेराव्याच्या दिवशी दादा सगळ्यांदेखत बोलला, "मायले मोलकरीण करून घेतली तिनं. आता येऊ नको इथं." तू मान खाली घातलीस. मला तेव्हा तेही लागलं नाही. जे मनाला लागायला हवं होतं ते काहीच लागत नव्हतं.

मला वाचवलं ते केवरा दीदीने. एका सकाळी नळ आला होता, माझी बादली भरून वाहत होती आणि मी तिच्याकडे पाहत उभी होते. किती वेळ, मला माहीत नाही. तिने नळ बंद केला आणि थेट विलासकडे गेली. "भैया, ये कामचोर नहीं है. बीमार है. हमर दीदी ऐसी नहीं थी." विलास म्हणाला, शहरात डोक्याचा डॉक्टर असतो, पण लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "लोग अभी क्या अच्छा बोल रहे हैं?"

डॉक्टर वयस्क होते, हिंदी बोलणारे. मला वाटलं झोपेच्या गोळ्या लिहून देतील. त्यांनी आधी माझा हात हातात घेऊन त्वचा पाहिली. गळ्याला पुढून हात लावून पाणी गिळायला सांगितलं. भुवया पाहिल्या, त्या कडेने विरळ झालेल्या माझ्याही लक्षात आल्या नव्हत्या. टाचेच्या वर छोटा हातोडा मारला आणि पाय परत जागेवर किती हळू येतो ते बघत राहिले. मग विचारलं, "मई में भी ठंड लगती थी?" विलासने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. ते आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं.

रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइड. गळ्यातली ग्रंथी जवळजवळ कामच करत नव्हती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की ती मंद झाली की सगळं शरीर मंद होतं, आणि मेंदू काही शरीराबाहेर नाही. आठवण, झोप, हुरूप, रडणं, सगळं तिच्यावर अवलंबून. बाळंतपणानंतर पुष्कळ बायांना होतं आणि पुष्कळ बाया आळशी म्हणवून घेत जगतात. मी विचारलं, "मतलब दुख झूठा था?" ते म्हणाले, "नहीं. घर छूटने का दुख भी होगा, बच्ची वाली बात का भी होगा. गोली से वो नहीं जाएगा. लेकिन अब आप उसे उठा पाएँगी."

 घरी आल्यावर विलास म्हणाला, "म्या तुले लय बोललो." आणि आतल्या खोलीत जाऊन बसला.

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, मग तासभर चहा नाही. पहिल्या महिन्यात काही फरक नाही. मग हळूहळू, एक दिवस जिना चढून आल्यावर लक्षात आलं की मी मधे थांबले नाही. दोन महिने झाले असतील. मी दुपारी मेथी निवडत बसले होते. निवडता निवडता मायचा तो ओला, साबणाचा हात दिसला आणि मला रडू आलं. मी ओरडून रडले. केवरा दीदी धावत आली, तन्वी घाबरून तिला बिलगली. संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. माय जाऊन अर्धं वर्ष झालं होतं, आणि ती माझ्यासाठी त्या दुपारी मेली. बरं होणं म्हणजे हे असतं, कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात अजून कोणाला आहे का? मी नाही म्हणाले. आता मला कुसुम मावशी आठवते. मायची धाकटी बहीण, सासरच्यांनी काम करत नाही म्हणून आणून सोडलेली. मागच्या खोलीत पडून असायची. आपण पोरी तिचा घोगरा आवाज काढून हसायचो. ती मरेपर्यंत कोणी तिचा गळा चाचपून पाहिला नाही. मी खात्रीने काही म्हणू शकत नाही. आता तपासणार तरी कोणाला?

बरं वाटू लागल्यावर लोकेश्वरीच्या घरी मी जाऊन आले. तिच्या आईला रिपोर्टबद्दल सांगणार होते, पण तिथे गेल्यावर ते कारण पुढे करायची लाज वाटली. फक्त माफी मागितली. तिने चहा दिला. मुलगी बाहेर आली नाही.

आणि दादा. ही गोष्ट तुला माहीत नाही. मागच्या हिवाळ्यात मी हिंमत करून एकटीच आर्वीला गेले. त्याने दार उघडलं, घरात घेतलं. वहिनीने जेवण वाढलं. जेवून उठल्यावर अंगणात तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "माय रायपूरहून आली ना, तवा मले म्हणे, शैली आळशी नाही रे. तिले काही झालं आहे. मी रागात बोलून आली, तू जाऊन पाह्य, डॉक्टरले दाखव. दोन-तीनदा म्हणे. म्या नाही गेलो. मले वाटलं, तुझे नखरे." मग म्हणाला, "मेल्यावर मलेच लाज वाटली, म्हणून तुह्यावर ओरडलो."

 यावेळी शब्द सापडत होते, पण त्याला देण्यासारखा एकही नव्हता. मायला कळलं होतं, हे समाधान आहे की शिक्षा, मला अजून ठरवता आलेलं नाही. तिने फोन का केला नाही? मी कामात आहे असं समजली असेल का?

म्हणून सांगते, पिंकीला घरी परत आणायच्या गोष्टी करू नकोस आणि पुण्यालाही नावं ठेवू नकोस. आधी तिचं रक्त तपासा. नसेल काही, तर तिला खरोखर घर आठवत असेल, मग तिच्याजवळ जाऊन राहा. पण आधी तपासा.

दादाकडून परत आले त्या दिवशी रायपूर स्टेशनवर तन्वी घ्यायला आली होती. आता कॉलेजात आहे. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. माझ्या हातातली पिशवी घेऊन तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मम्मी, थक गई क्या?"

"हो," मी म्हणाले, "थकली."

तिने मला मागे बसवलं. स्कूटर हळू चालवत घरी आणलं, अंथरूण घालून दिलं. मी झोपले. सकाळी उठले तेव्हा थकवा गेलेला होता.