लय मोडू नये म्हणून

आमच्या शेजारचे साहेब पहाटे पळत आणि दिवसभर त्यावर बोलत. "पाय नाही पळत, मन पळते," हे त्यांनी दूधवाल्यालाही पटवलं होतं. रविवारी ते राळेगावच्या रस्त्याने लांब पळायला जात आणि मी पाण्याच्या बाटल्या घेऊन स्कूटरवर त्यांच्या मागे असे.

त्या वर्षी कपाशीवर फवारणी करणारी माणसं विषबाधेने दवाखान्यात भरती होत होती. एका रविवारी असाच एक मजूर बांधाजवळ ओकत पडलेला दिसला. फवारणीचा पंप त्याच्या पाठीवरच होता. साहेबांनी आधी मनगटावरचं घड्याळ थांबवलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही न्या याले," ते जागच्या जागी उड्या मारत मला म्हणाले. "माझी लय मोडली का मन मोडते."

आणि ते पळाले. मी ऑटो थांबवून मजुराला यवतमाळला नेलं.

संध्याकाळी साहेब गल्लीत सांगत होते, "अडथळे येतातच. आपण थांबाचं नाही."

दोन दिवसांनी मजूर बोलायला लागला. त्याने पहिलं विचारलं, "ते भाऊ पोचले का वेळेवर? जीव तोडून पळून राह्यले होते. घरी कोणी सिरियस होतं काय त्यायच्या?"