देवाच्या हद्दीबाहेरचा विमानतळ

माझ्या बहिणीचे यजमान पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाच्या मुख्य विमानतळावर नोकरीला होते. प्रवाशांचं सामान ज्या पट्ट्यांवरून फिरत येतं, ते पट्टे चालू ठेवणं हे त्यांच्या विभागाचं काम. मूळ घर पावसजवळच्या एका वाडीतलं. वडील बोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. थोरला मुलगा, म्हणजे भावजी, इंजिनिअर होऊन परदेशी गेला, धाकट्याने गावात राहून आंब्याची कलमं सांभाळली. ताई लग्नानंतर नवऱ्याबरोबर गेली आणि तिथल्या एका शाळेत लहान मुलांना शिकवू लागली. त्यांची मुलगी तिथेच कॉलेजात होती.

त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीवर येताना भावजींनी एक कागद बरोबर आणला होता.

प्रकरण असं होतं. त्या देशाचा विमानतळ एक सरकारी महामंडळ चालवत होतं आणि ते फायद्यात होतं. देशाची विमान कंपनीही बरीचशी सरकारचीच, पण ती कित्येक वर्षं तोट्यात. तेव्हा विमानतळच दीर्घ मुदतीने कंपनीच्या ताब्यात द्यावा, अशी योजना निघाली. विमानं उतरण्याचं शुल्क, दुकानांची भाडी, गाड्या उभ्या करण्याचे पैसे, सगळं कंपनीला मिळेल आणि त्या जोरावर ती उभी राहील, असा हिशेब होता. महामंडळाच्या नोकरांना विचारणा झाली होती: कंपनीच्या नोकरीत वर्ग व्हायला संमती द्या, नाहीतर स्वेच्छानिवृत्ती घ्या. सुट्टी संपण्याआधी भावजींना उत्तर कळवायचं होतं. सही केली तर कुटुंब तिथे राहणार होतं, नाही केली तर बिऱ्हाड मोडून पावसला यायचं होतं.

मी बरीच वर्षं वर्तमानपत्रात परदेशच्या बातम्यांचं पान लावलं. अशा योजना त्या पानावर अधूनमधून येत, चार ओळींत बसत. इथे तीच गोष्ट ओटीवर आली होती आणि रोज संध्याकाळी तिची चर्चा होत होती. रत्नागिरीहून पावस जवळ, त्यामुळे मी वरचेवर जात असे.

भावजी योजनेच्या विरुद्ध होते, पण दुसरी बाजू लपवत नसत. "आखातात हेच चालतं," ते म्हणाले. "विमानं आणि विमानतळ एकाच मुठीत, आणि दोन्ही जोरात. कंपनीचे लोक तेच उदाहरण देतात. पण तिथे विमानं आधीपासून नीट चालत होती. आमच्याकडची बुडायला आलीय. बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याच्या गळ्याला मिठी मारतो."

"म्हणून काय त्याला बुडू द्यायचं?" बाबा म्हणाले. भावजींच्या वडिलांना घरात सगळेच बाबा म्हणत. "दोन्ही सरकारचेच ना? एका बापाचे दोन झील. एक मिळवतो, एक बुडवतो. चूल एकच. मिळवत्याने सांभाळायचं."

"सांभाळायला हरकत नाही बाबा. पण मिळवत्यालाच बुडव्याच्या हाताखाली द्यायचं?"

मग त्यांनी पट्ट्यांचं सांगितलं. सकाळी दोन विमानं एकदम उतरतात, एक देशाच्या कंपनीचं, एक बाहेरच्या. चांगल्या स्थितीतला पट्टा एकच असला, तर जे आधी टेकलं त्याचं सामान आधी. त्यात कुणी बोलत नाही. उद्या पट्टाच कंपनीचा झाला की वरून फोन येणार, आपलं आधी घ्या. बाहेरच्यांना दोन-चारदा ताटकळावं लागलं की ते शेजारच्या देशात उतरू लागतील. मग भाडी कुठली आणि शुल्क कुठलं.

"आपल्या माणसाचं सामान आधी आलं तर बिघडलं कुठे?" बाबांनी विचारलं. प्रश्न खरा होता. त्यांना त्यात काही चूक दिसत नव्हती.

धाकटा भाऊही बाबांच्या बाजूने बोलला. "दादा, नोकरी आहे तर करून टाक सही. मालक कुणी का असेना. इकडे येऊन काय करणार? वांदर हाकणार?"

ताई आतून ताटं घेऊन येत होती. ती तिथेच थांबली.

"तुम्हाला ती योजना आवडणारच," ती दिराला म्हणाली. "तुमचं आमच्या कलमांबद्दल तेच म्हणणं आहे ना? तुमची कलमं तोट्यात, म्हणून आमचीही तुमच्याच ताब्यात द्यायची."

बाग दोघा भावांत वाटलेली होती. भावजींचा वाटा एका व्यापाऱ्याला कराराने दिलेला असे आणि त्यातून ठरलेलं उत्पन्न येई. धाकट्याचा वाटा तो स्वतः करी, आणि फवारणी, हवामान, माकडं यांत दरवर्षी काहीतरी जाई. दोन्ही वाटे एकत्र आपल्याकडे द्यावेत, असं त्याने वर्षभरापूर्वी फोनवर सुचवलं होतं. भाऊ परत आला तर ते होणार नव्हतं.

"वहिनी, मी कुठे काय बोललो?" धाकटा म्हणाला.

"सूनबाई, पानं वाढ," बाबा म्हणाले. त्या दिवशीची चर्चा तिथे संपली.

सुट्टीचा शेवटचा आठवडा आला तरी कागद तसाच होता. तेव्हा बाबांनी कौल लावायचं ठरवलं. त्या घरातला कुणीही ग्रामदेवाला विचारल्याशिवाय बोटीवर गेला नव्हता. देवाच्या दगडी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर गुरव ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आम्ही सगळे सकाळी देवळात गेलो, बाबा आणि दोघे मुलगे पुढे, ताई आणि मी मागे खांबाजवळ.

गुरवाने कळ्या भिजत घातल्या होत्या. "काय वो सारंगानू," तो बाबांना म्हणाला, "इचारायचं काय ते नीट सांगा."

बाबांनी सांगितलं. विमानतळ कंपनीच्या हाती द्यावा की न द्यावा.

"कंपनी कोणाची?"

"सरकारची."

"आणि विमानतळ?"

"तोपण सरकारचाच."

"मग भांडण कोणाचं?"

धाकटा हसला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

गुरवाने थोडा विचार केला आणि नकार दिला. देवाची हद्द गावच्या वेशीपर्यंत. वेशीपलीकडच्या जमिनीचा न्याय तो करीत नाही, तिथे जो कोण राखणदार असेल त्याला विचारावं. "लांजातल्या जागेचं घेऊन आले होते एकदा, तेपण नाय घातलं मी," तो म्हणाला. "माणूस आपल्या गावचा हाय. माणसाचं इचारा." बाबा नाखूश झाले. त्यांच्या मते मूळ प्रश्न विमानतळाचाच होता आणि तो सुटला की मुलाचा आपोआप सुटत होता. थोडी हुज्जत झाली. शेवटी गुरवाचं चाललं.

त्याने हात जोडले आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, हे तुझं लेकरू पोटासाठी दर्यापल्याड गेलं. तिथं त्याच्यावर कागदाचं संकट आलंय. त्या कागदावर त्यानं सही करावी असं तुझ्या मनात असेल तर उजवा दे. नसेल तर डावा."

"होय महाराजा," सगळे म्हणाले. ताईचा आवाज मला ऐकू आला नाही.

डावी कळी पडली. फार वेळ लागला नाही.

"पुन्हा घाल," बाबा म्हणाले. दुसऱ्यांदा विचारण्याची रीत आहे, त्यामुळे गुरवाने नव्या कळ्या लावल्या. या वेळी वेळ लागला. उजवी थोडी घसरली आणि अडकली. डावी पडली.

"नीट भिजवल्या नसशील."

"माझा हात एकदा चुकेल, सारंगानू. दोनदा त्याच अंगाला कसा चुकेल?"

"बोटीचं विचारलं तर बरोबर सांगायचा," बाबा देवाकडे हात करून म्हणाले. "विमानातलं ह्याला काय ठावं?"

"तेच तर मी मगाशी बोललो," गुरव म्हणाला. "तुमीच आयकलं नाय."

तिसऱ्यांदा विचारायला भावजींनीच नको म्हटलं. त्यांनी नारळ ठेवला, नमस्कार केला आणि चपला घातल्या. बाबा धाकट्याबरोबर पुढे निघाले. देवाला विचारायचा आग्रह त्यांचा होता आणि रागही त्यांनाच आला होता. वाटेत भेटलेल्या दोघांना त्यांनी गुरव हलगर्जी झाल्याचं सांगितलं.

भावजी माझ्याबरोबर मागे राहिले. गाभाऱ्यात देवाच्या डाव्या हाताला झरोका आहे, ते म्हणाले, तिकडून वारा येतो. त्या बाजूची कळी आधी सुकणार आणि आधी पडणार. त्यांनी हे पहिल्या खेपेलाच पाहिलं होतं.

"मग बाबांना सांगितलं का नाही?"

"कशाला सांगू? मला नाहीच म्हणायचं होतं. त्यांच्या तोंडावर म्हणवत नव्हतं." थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "तुमच्या पेपरात हे छापू नका, पत्रकार."

ताई आमच्या मागेच चालत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे तुमचं ठरलेलं होतं," ती म्हणाली. "महिनाभर ओटीवर विमानतळ कुणाचा, कुणाचा चाललंय. बाबांना विचारून झालं, भावाला विचारून झालं, देवाला दोनदा विचारलंत. मला कुणी विचारलं?"

भावजी म्हणाले, "तुला माहीतच होतं ना, मला त्या लोकांच्या हाताखाली काम करायचं नाही."

"तुमचं माहीत होतं. माझं विचारतेय."

ती आमच्या पुढे निघून गेली. घरी कुणी विषय काढला नाही. दोन दिवसांनी भावजींनी रत्नागिरीत माझ्याकडे बसून कार्यालयाला कळवलं की संमती नाही, निवृत्ती मान्य आहे. मजकूर त्यांनी मला वाचायला दिला. त्यात योजनेबद्दल एक शब्द नव्हता.

पुढचं थोडक्यात. दोघं तिकडे परत गेली, भावजींनी काम दुसऱ्याच्या हवाली केलं आणि ते सामान घेऊन एकटे आले. शाळेचं वर्ष चालू होतं आणि मुलीची शेवटची परीक्षा राहिली होती, म्हणून ताई थांबली. ती परीक्षेनंतर येणार, असं घरात सगळे म्हणत होते. भावजींनी व्यापाऱ्याचा करार संपवून आपली कलमं स्वतः करायला घेतली. पहिल्याच मोसमात माकडांनी बराचसा आंबा नासवला. धाकटा रोज सकाळी कुंपणापलीकडून विचारी, "काय दादा, आज किती विमानं उतरली?" भावजी हसत. दोन्ही वाटे एकत्र करण्याची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

त्याच सुमारास तिकडची योजना बारगळली. संसदेत विरोध झाला, कामगार संपावर गेले, सरकारने ती बाजूला ठेवली. विमानतळ महामंडळाकडेच राहिला, कंपनी तोट्यातच राहिली. ज्यांनी संमती दिली होती ते आपापल्या जागी काम करत राहिले, त्यांना कुणी वर्ग केलं नाही. भावजींनी सही केली असती तर तेही तिथेच असते. ही बातमी मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा बाबा ओटीवर होते.

"म्हणजे दादा उगाच आला," धाकटा म्हणाला.

"उगाच कसा?" बाबा म्हणाले. "देवाने सांगितलं म्हणून आला." वर्षभरात गुरवाबद्दलची तक्रार ते विसरले होते.

भावजींनी बातमी माझ्याकडून घेऊन स्वतः पुन्हा वाचली. योजनेविषयी आपण म्हणत होतो ते बरोबर ठरलं, असं ते म्हणाले नाहीत. महामंडळ चांगलं चालतं, ते तसंच राहायला हवं होतं, एवढंच म्हणाले.

मुलीची परीक्षा झाली, तिला तिथेच नोकरी लागली. त्यानंतरच्या एका रविवारी ताईचा फोन आला तेव्हा मी पावसलाच होतो. बाबांनी फोन मागून घेतला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा केलेला होता.

"सूनबाई, कधी येतेस?"

"शाळेने पुढच्या वर्षाचं विचारलंय बाबा," ती म्हणाली. "मी हो म्हटलंय."

बाबांनी फोन कानापासून लांब धरला आणि भावजींकडे पाहिलं. "हो म्हणाली. कुणाला विचारून?"

भावजी आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"शाळेने तिला विचारलं, बाबा," ते म्हणाले. "तिने सांगितलं."

फोन चालूच होता. पलीकडून ताईने विचारलं, ह्या वर्षी आंबा कसा आहे. बाबांनी फोन भावजींच्या हातात दिला.