शिलाईच्या खोलीचा उतार
निवृत्त झालो त्या वर्षी बडनेऱ्याच्या आमच्या घरामागे, अंगणाच्या टोकाला, बायकोच्या शिलाईसाठी पत्र्याची खोली बांधली. इतकी वर्षं ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ब्लाऊज शिवत आली होती. पत्र्याचा उतार मात्र मी एकट्यानंच ठरवला: उत्तरेकडे. तिकडे गल्ली, पाणी आपसूक नालीत जाईल. मिस्त्रीनं मान डोलावली.

पावसाळा छान गेला. दिवाळीनंतर थंडी पडली आणि तिनं मशीन परत स्वयंपाकघरात आणायला लावली. मला रागच आला.

"काहून? एवढी खोली बांधून देली तुले!"

"बोटं वळून नाही राह्यले माहे तिथं. भर दुपारी बी गारठा."

मग मला अंगणात नेऊन तिनं आभाळाकडे हात केला. "थंडीत सूर्य दक्षिणेकडं कलून जाते. तुमी पत्र्याची पाठ केली त्याच्याकडं. माह्या बाबानं मळ्यातल्या खोपडीचा उतार दक्षिणेले ठेवला होता, म्हणून आमी थंडीत तिथंच बसून भाजीच्या जुड्या बांधो."

"मंग तवाच काहून नाही बोलली?"

"इचारलं कवा तुमी?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं वर चढून उन्हातल्या पत्र्यावर तळवा टेकवला, तर पत्रा गारच. "काका, काकू बराबर बोलून राह्यल्या. मले तुमी फक्त पाण्याचं सांगतलं होतं."

अंगणाकडची, म्हणजे दक्षिणेची भिंत उंच होती. दारावरचे विटांचे थर काढून ती उतरवली आणि मागची चढवली. दार तेवढं वाचलं. पाणी आता अंगणात येणार म्हणून पन्हाळ लावली. शेजारी विचारत, नवी खोली मोडता काहून? मी सांगून टाकायचो, चूक माझीच.

पहाटे पत्रा अजूनही गार पडतो, ते काही चुकलं नाही. पण दहा वाजले की खोली उबायला लागते आणि ती ऊब चार-पाचपर्यंत टिकते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा उतार कुठलाही असो, पत्रा तापायचा तो तापतोच. त्या दिवसांत शिलाई सकाळीच आटोपते.

परवा जेवण झाल्यावर मी पेपर घेऊन तिथं जाऊन बसलो. ती बाही जोडत होती. म्हणाली, "सरका थोडे, कापडावर सावली पडून राह्यली तुमची."

मी सरकलो.